दहा वर्षांचं ध्येय ठेवावं, पण त्याला मुदत नको का?

टूलरूमवाला (वाळूज, मूळ गाव केज तालुका)

मागच्या रविवारी मावसभाऊ पुण्याहून बॅगा घेऊन आला. स्पर्धा परीक्षेसाठी सहा वर्षं सदाशिव पेठेत अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसची खोली. वय ३१. "दादा, कंपनीत कुठं लावता येतंय का बघा," म्हणाला. बायोडाटा बघितला, तर बीएस्सीनंतर पान कोरं. पोरगा आळशी नाही. राज्यघटनेतलं कुठलंही कलम झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पण नाहीच झालं तर काय, हे सहा वर्षांत त्याला घरातल्या कुणीच विचारलं नाही. मीही नाही. ते मला आता लागतंय.

माझं मत असं की पदाच्या नावाला ध्येय म्हणू नये. क्लास वन होणं जागा किती निघतात यावरही असतं. काम शिकणं मात्र आपल्या हातात असतं. आयटीआय मशिनिस्ट करून मी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, जॉब (कापायचा तुकडा) लावायला-काढायला लागलो, तेव्हा एवढंच ठरवलं होतं की पाच वर्षांत प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. खिशात डायरी ठेवली. कुठल्या मटेरियलला कुठला कटर, स्पीड किती, फीड किती, टूल कुठं मोडलं, सगळं त्यात. एकदा बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, ४० मायक्रॉन मोठा गेला आणि दोन शिफ्टची मेहनत रिजेक्ट झाली. त्या दिवशीच्या पानावर कूलंटचा डाग आहे, आकडे अजून वाचता येतात. आज कॅम प्रोग्रॅमिंग, म्हणजे सॉफ्टवेअरवर मशीनचे प्रोग्रॅम बनवायचं काम, मी बघतो.

म्हणून म्हणतो, स्पर्धा परीक्षा जरूर द्या, पण पहिल्याच दिवशी थांबायची तारीख लिहा. तीन वर्षं, बस.

अंबाजोगाईची लेक

दादा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, पण तीन वर्षांचं मला अजिबात पटलं नाही. मी कर सहायक झाले ती पाचव्या प्रयत्नात. तीन वर्षांची मुदत पाळली असती तर आज हे लिहायला मी नसते, कुठल्या तरी घरात भाकरी थापत असते.

आणि मुलींना मुदत वेगळी लिहावी लागत नाही हो, ती घरचेच लिहून ठेवतात. "यंदा नाही झालं तर स्थळं बघू." दर निकालाला आत्या हेच म्हणायच्या. चौथ्या वेळी दोन मार्कांनी गेलं, तेव्हा आईनं गळ्यातली पोत मोडून माझी वर्षभराची मेस भरली. तिनं तारीख विचारली नाही.

दुसरं, वर्षं मोजून चालतच नाही. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती, ती पुढं ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. ते वर्ष कुणाच्या खात्यात धरायचं? खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयाची सवलत सरकारनं दिलीय, ती उगीच नाही.

जिंतूरचा शेतकरी

तुम्ही दोघं म्हणायलात ते पगाराच्या माणसाला जमतंय. आमच्याकडं पावसानं दडी मारली की सगळं ठरवलेलं मोडतंय. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एप्रिल २०१६ मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तवाची गोष्ट. सोयाबीनचा उतारा नव्हता, फी भरायला पैसा नव्हता. कॉलेज सुटलं ते सुटलंच. दहा वर्षांचं ध्येय कुठून ठेवू? पुढच्या पेरणीचं बी-खत जुळलं की लई झालं. ध्येय ठेवलं नाही म्हणून पोरांना दोष देऊ नका.

शेंद्र्याचा कंत्राटी

डायरीचं ठीक आहे सर, पण आमचा सात महिन्यांनी ब्रेक होतो, म्हणजे कामावरून काढतात. दर वेळी नवी कंपनी, नवी लाइन, काम तेच, बोल्ट आवळायचं. तुम्हाला मशीनला हात लावू दिला कुणीतरी. आम्हाला सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, जवळ उभं राहू देत नाहीत. मग शिकायचं कुठं?

टूलरूमवाला

ताई, वर्षांबद्दल तुमचं खरं आहे. वर्षं नकोत, प्रयत्न मोजावेत. आणि मुदत परीक्षा देणाऱ्यानं स्वतः लिहावी, आत्यानं नाही, दादानंही नाही. हे मी मागं घेतो.

भाऊ, जिंतूरकर, दोष पोरांना देत नाही. दुष्काळानं शिक्षण तुटलेले आमच्या गावातही आहेत. पण पाऊस आपल्या हातात नाही म्हणूनच हातात काहीतरी असावं असं मला वाटतं, ते रानातलं काम असलं तरी चालेल.

शेंद्र्याच्या भावाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. शिकू न देणाऱ्या जागी माणूस एकट्याच्या जिद्दीवर किती शिकणार? एवढं करून बघा, सेटरला चहाच्या सुट्टीत गाठा, मशीनवर नाही. मला माझ्या उस्तादानं ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला, कसा द्यायचा ते चहाच्या टपरीवर, सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढून शिकवलं.

अंबाजोगाईची लेक

भावाला एक विचारा, मुख्य परीक्षेपर्यंत किती वेळा गेला? राज्यसेवेची मुख्य २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, १७५० मार्कांची. नुसतं पाठांतर आता पुरत नाही, लिहायचा सराव लागतो. पूर्वच निघत नसेल तर तुमचं बरोबर, मुख्यला जात असेल तर माझं.

टूलरूमवाला

काल रात्री विचारलं. दोनदा मुख्य दिलीय, दोन्ही जुन्या पद्धतीच्या. उत्तरं लिहायचा सराव शून्य. गच्चीवर तासभर बसलो. अजून दोन प्रयत्न द्यायचं म्हणतोय, पण पुण्यात नाही, केजला राहून. सकाळी दहावीच्या पोरांना गणित-विज्ञान शिकवणार, दुपारनंतर रोज दोन उत्तरं लिहिणार. प्रयत्नांचा 'दोन' हा आकडा त्यानं माझ्या डायरीत स्वतःच्या हातानं लिहिला. ताई, ती उत्तरं तपासून देणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा.