वावरात गोल मांडलेले काळे गोटे, खाली खापर निघालं. शेततळं खोदू का नको?

संत्रावाला

राम राम मंडळी. मी काटोल-कळमेश्वर साईडचा, गावाचं नाव मुद्दाम नाही देत, पुढं वाचाल तर काहून ते समजेल.

आमचं चार एकर बरडाचं वावर आहे नाल्याच्या वरच्या अंगाला. त्याच्या एका कोपऱ्यात पहिलेपासून काळे गोटे गोल मांडून आहेत, म्हणजे माणसानं मांडल्यासारखेच, मी पावलं टाकून मोजलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पावलं भरली. गोटे अर्धेअधिक जमिनीत, मधात बारीक गोट्यांचा उंचवटा, पालथं टोपलं ठेवल्यासारखा. आबाजी होते तोपर्यंत तिथं वखर नेऊ देत नव्हते, म्हणत ते गवळ्याचं आहे, तिकडे जायचं नाही. कोणता गवळी, कवाचा गवळी, कोणालेच माहीत नाही.

आता शेततळं मंजूर झालं अन जागा नेमकी त्याच कोपऱ्यात आखली, कारण उतार तिकडेच आहे. परवा जेसीबी आला, बाजूचा एक गोटा उचलला तर खालून खापराचे तुकडे निघाले, आतून कुळकुळीत काळे अन बाहेरून लाल, अन सोबत हातभर लांब लोखंडाचा तुकडा, गंजून पापुद्रे सुटलेले. ड्रायव्हरनं मशीन बंद केली अन म्हणे मालक मी नाही टाकत बकेट, इथं काहीतरी आहे. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव धुऱ्यावर. काका म्हणते हंडा आहे. काल एक बाबा येऊन गेला, अमावस्येले पूजा लागते म्हणे अन त्याचे एक्कावन हजार.

माझं म्हणणं एवढंच, हे आहे काय? अन सरकारले सांगितलं तर वावर जाते का? बापाची झोप उडून राहिली त्यानं.

पोट्टा_सीताबर्डीचा

अबे भाऊ एलियनचं हेलिपॅड आहे ते 😂 यूट्यूबवर पाह्य, विदर्भाचं स्टोनहेंज म्हणून व्हिडिओ आहेत, खाली सारे लिहून राहिले का एवढे जड गोटे माणसानं उचललेच कसे.

मजाक सोड, पण बाबाले पैसे देऊ नको बावा. एक्कावन हजारात अर्ध्या तळ्याची पन्नी येते.

रिटायर_मास्तर

संत्रावाला, सगळ्यात आधी ते लोखंड धुऊ नका, लिंबानं घासू नका, तेल लावू नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा अन खापरं कागदी पिशवीत, वर लिहा की कोणत्या गोट्याखाली, किती खोल. उचललेल्या गोट्याची जागा खुंटी ठोकून दाखवा अन फोटो काढा, बाजूला एखादा पेन ठेवा म्हणजे माप समजते. बाकी सगळं नंतर.

आता हे काय आहे. याला शिलावर्तुळ म्हणतात, म्हणजे दफनाची जागा. नागपूर जिल्हा यानं भरलेला आहे. जुनापाणी तर काटोल रोडवरच, नागपूरच्या वेशीला, तिथं शंभराच्या वर वर्तुळं आहेत. शिवाय माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमाहारी, रायपूर. काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३०० च्या दरम्यानचा धरतात. म्हणजे मौर्य यायच्या आधीपासून आपल्या बरडावर लोखंड वापरणारे, घोडे बाळगणारे लोक होते.

तुमच्या खापराचंच पाहा, आतून काळं अन बाहेरून लाल. ही त्या लोकांची ओळखीची भांडी. भांडं भट्टीत पालथं घालायचं, आतल्या बाजूला हवा पोचत नाही म्हणून ते काळं राहतं, बाहेर हवा लागते म्हणून लाल होतं. आपल्याकडचा कुंभार आजही सांगेल की आवा कोंदला तर मडकं काळं पडतं. गोट्यांमध्ये जो उंचवटा दिसून राहिला तो मुद्दाम भरलेला असतो, काळी माती अन बारीक गोटे. त्याच्या खाली हाडं, भांडी, कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या. हाडं बहुतेक वेळा अख्ख्या माणसाची नसतात, तुकडे असतात, म्हणजे आधी दुसरीकडे ठेवून मग इथं आणून पुरत असावेत.

अन घोडा. माहुरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला निघाला, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेला अन हाडांवर धारदार हत्याराचे घाव. मालक गेला तर त्याचा घोडा मारून सोबत दिला असा त्याचा अर्थ लावतात. आपण पोळ्याला बैलाला मटाट्या अन झूल चढवतो, त्यांनी घोड्याला चढवले, फक्त शेवट वेगळा. (पोट्टा_सीताबर्डीचा, एलियनला घोडा कायले लागते ते सांग.)

जड गोटे उचलण्याचं म्हणाल तर उचलले कोणी? बरडावर काळ्या दगडाचे धोंडे मोकळेच पडून असतात. पहारीनं उलटवत, लोळवत आणायचे. आमच्या गावच्या विहिरीची जोती तशीच बांधली आहे, त्यासाठी कोणी वरून उतरलं नव्हतं.

रोजीवर_गेलतो

मास्तर बरोबर सांगून राहिले. मी एका खोदकामावर दोन सीझन रोजीनं गेलतो, जागा नाही सांगत. मले वाटलं होतं टिकास घेऊन खणायचं अन हंडा काढायचा 😄 कायचं काय. सुतळी बांधून चौकोन पाडले अन खुरपं अन ब्रश हातात दिला. दिवसभरात बोटभर माती काढली तरी साहेब म्हणे हळू. माती फेकायची नाही, सारी चाळणीतून. त्या चाळणीत मले एक मणी सापडला, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा, लाल, त्याच्यावर पांढऱ्या रेघा, इतक्या बारीक का भोक पाडणाऱ्याचे डोळे काय असतील असं झालं. मॅडमनं माझ्याकडून जागा विचारून वहीत टिपली, कोणता चौकोन, किती खोल, उत्तरेकडून किती. मी म्हटलं मणी महत्त्वाचा का जागा, तर म्हणे जागा. मणी बाजारात बी भेटते.

त्यानंतर मी आमच्या वावरातला एक गोटा बी हलवला नाही.

हंड्याचं म्हणाल तर सोनं एखाद्या ठिकाणी निघते, माहुरझरीले निघालं होतं असं तिथं साहेब लोक बोलत, पण पातळ पत्र्यासारखं. कोणाचा कर्जाचा हप्ता फिटेल एवढं बी नाही.

पऱ्हाटी_एके_पऱ्हाटी

मास्तर एक सांगा, एवढे मेले तर एवढे राहत कुठं होते? कबरी शेकडो अन घर एक नाही? हे मले कधीच पटलं नाही.

रिटायर_मास्तर

हाच खरा प्रश्न विचारला तुम्ही, एलियनवाल्यांपेक्षा लाख पटीनं चांगला. यावर अजून वाद आहेत. वस्ती अगदीच नाही असं नाही, टाकळघाटला वर्तुळांच्या जवळ वस्तीचा थर सापडला, नैकुंडला सापडला, तिथं तर लोखंड गाळायची विटांची लहानशी गोल भट्टीच निघाली, पेंच नदीच्या अंगाला. म्हणजे कुऱ्हाडी बाहेरून विकत आणत नव्हते, इथंच गाळत होते. पण कबरींच्या मानानं घरं फार कमी. काही म्हणतात हे लोक ढोरं घेऊन फिरते होते, वर्षातून एकदा आपल्या जागी येऊन मयताचं करायचे. तुमच्या आबाजींचा गवळी इथं आठवतो बघा. इंग्रजांच्या काळातल्या लिखाणातही ही वर्तुळं गवळ्यांची म्हणूनच लोक सांगायचे. मी त्याला पुरावा म्हणत नाही, नवे लोक जुन्या दगडाला आपल्या ओळखीचं नाव देतातच, पांडवाची लेणी म्हणतात तसं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर घरं होती, पण कुडाची. कूड पावसाळ्यात बसला की माती मातीत जाते. अन चांगली वस्तीची जागा माणूस सोडत नाही, पाणी जिथं तिथंच पुन्हा गाव. त्यांची वस्ती कित्येक गावांच्या पांढरीखाली, म्हणजे गावठाणाच्या मातीखाली, झोपलेली असेल. बरडावर कोणी घर बांधत नाही, वखर चालत नाही, म्हणून कबरी उरल्या. उरलं ते दिसलं, एवढंच.

एक गोष्ट सांगतो, मग थांबतो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते पादरी स्टीफन हिस्लॉप. त्यांना या दगडांचा अन भूगर्भाचा भारी नाद. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून घोड्यावरून परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. नागपूरला त्या कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे माहीत असेल? पुढं रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची काही वर्तुळं उघडली, १८७९ मध्ये त्यावर लिहिलं, अन त्यातलं सामान आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या बरडाच्या कुऱ्हाडी अन घोड्याचे लगाम तिकडे. शास्त्रशुद्ध काम खऱ्या अर्थानं शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठाकडून १९६० च्या दशकाच्या शेवटी टाकळघाट-खाप्याला सुरू केलं, मग माहुरझरी, मग नैकुंड.

अन जेसीबीचं दुःख नवं नाही. हडप्पाच्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळाखाली भराव म्हणून गेल्या, शहर ओळखायच्या आधीच. आपल्याकडे रेल्वे नाही तर गिट्टी क्रशर.

धुऱ्याचा_भांडखोर

कायद्याचं मी सांगतो, माझे सारे दिवस तहसीलमध्येच जातात.

१८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे. जमिनीत लपलेलं काही निघालं अन त्याची किंमत दहा रुपयाच्या वर असली तर कलेक्टरले लेखी कळवा लागते. दहा रुपये, हो, तेव्हाचे. लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. म्हणून तू स्वतः तहसीलदाराच्या नावानं अर्ज देऊन पोच घे. तुझा काका हंडा काढायच्या गोष्टी धुऱ्यावर मोठ्यानं करून राहिला असेल तर त्याले आवर, उद्या काही झालं तर नाव सातबाऱ्यावरच्या माणसाचं येते. अन त्या बाबाले सांग, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे. आमच्याकडे एवढं नुसतं म्हटलं तर बाबा चप्पल घालून निघून गेला.

वावर जाते का? गोटे निघाले म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. केंद्र सरकारनं ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलं तर मात्र शंभर मीटरच्या आत बांधकामाले बंदी अन त्याच्या पुढच्या आणखी दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. जुनापाणीले तसं आहे. बाकी कित्येक वर्तुळं जाहीर झालेलीच नाहीत, लोक आजूबाजूनं पेरून राहिले. तळ्याची जागा बदलून मिळते का ते कृषी सहायकाले विचार, अन हे खोदायच्या आधी विचार.

पोट्टा_सीताबर्डीचा

ओके एलियन मागे घेतो 🙏 पण मास्तर, जुनापाणीच्या गोट्यावर वाट्या कोरल्या आहेत त्या काय? मी लहानपणी पिकनिकले गेलतो, एका गोट्यावर ओळीनं होत्या, आमी त्यात चिंचोके ठेवून खेळलो होतो.

रिटायर_मास्तर

त्याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी मोजून पाहिलं, मधातून पाहिलं तर वाट्यांचे गोटे तीन ठराविक दिशांनाच येतात म्हणे, म्हणून आकाशाशी, ऋतूंशी संबंध असावा असा अंदाज. असेल. पावसाची वाट पाहणारा माणूस आकाशाकडे पाहणारच. पण तुम्ही चिंचोके ठेवले तसं त्यांच्या पोट्ट्यांनीही ठेवले नसतील कशावरून.

संत्रावाला, तुमच्या गोट्यांवर वाट्या आहेत का? सकाळी सातच्या आत पाहा, तिरपं ऊन असलं की दिसतात. दुपारी सपाट दिसतात.

संत्रावाला

सगळ्यांना धन्यवाद भाऊ. अपडेट देतो.

अर्ज दिला, पोच घेतली, बाबू विचारे कायचे गोटे, मी खापराचा फोटो दाखवला तर म्हणे आमच्या बी वावरात आहेत, आम्ही धुऱ्यावर रचले. नागपूरच्या पुरातत्त्व विभागाले बी कळवलं, येतो म्हणाले, तारीख नाही दिली. तळ्यासाठी कृषी सहायकानं खालची जागा सुचवली, उतार थोडा कमी आहे, पाणी किती साचेल देव जाणे. लोखंड आईनं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून पेटीत ठेवलं, घरात मयताची वस्तू ठेवली म्हणून दोन दिवस बोलली, तिसऱ्या दिवशी तिनंच पेटीपुढं उदबत्ती लावली. काका माझ्याशी बोलत नाही.

अन मास्तर, आज पहाटे गेलतो. एक नाही, दोन गोट्यांवर वाट्या आहेत. जेसीबीनं जो उचलून पालथा टाकला तो दुसरा. त्याच्या पोटाखाली टॉर्च घालून पाहिलं, सहा दिसल्या, पुढचं मातीत आहे. आता तो गोटा सरळ करू का तसाच ठेवू? अन तो मूळचा कोणत्या तोंडानं होता ते कसं सांगायचं, त्या दिवशी फोटो तर कोणी काढलाच नाही.