जहाजाचा जीएम हवा तेवढा का वाढवत नाहीत?

प्रश्न (नौकारचनेचा विद्यार्थी): गुरुत्वमध्य जितका खाली, तितके मेटासेंटरपासूनचे (जहाज थोडे कलल्यावर पाण्याच्या वर ढकलणाऱ्या बलाची उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूपासूनचे) त्याचे अंतर, म्हणजे जीएम, जास्त आणि जहाज उलटण्याचा धोका कमी, एवढे मला समजले आहे. मग सगळे वजन तळाशीच ठेवून जीएम भरपूर का वाढवत नाहीत?

उत्तर (जहाज आरेखक): जीएम फार मोठा असलेले जहाज कलल्यावर झटक्याने सरळ होते, आणि हे झटकेच घातक ठरतात. एका पूर्ण हेलकाव्याला लागणारे सेकंद ढोबळमानाने काढण्यासाठी मीटरमधील रुंदीच्या ०.८ पटीला जीएमच्या वर्गमुळाने भागावे. २० मीटर रुंदीच्या जहाजाचा जीएम १ मीटर असेल तर हेलकावा १६ सेकंदांचा होतो. तोच ४ मीटर केला तर ८ सेकंदांचा. अशा जहाजावर माल बांधलेल्या साखळ्यांवर विलक्षण ताण येतो आणि खलाशांना धड उभेही राहता येत नाही. लोहखनिज थोड्या जागेत फार वजन भरते, त्यामुळे मुरगावसारख्या बंदरात ते भरताना हा प्रश्न खरोखरच उभा राहतो. म्हणूनच पुष्कळ बल्क कॅरियर (सुटा माल वाहणारी जहाजे) खनिज एक सोडून एक होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कप्प्यात, उंच भरतात, म्हणजे गुरुत्वमध्य वर येतो.

उत्तर (सेवानिवृत्त चीफ इंजिनिअर): दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि जीएम प्रत्यक्षात घटतो. रुंद टाकीच्या मधोमध उभी भिंत घातली की हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. तेव्हा आरेखकाने ठरवलेली स्थिरता समुद्रात टिकवणे हे टाक्या भरणाऱ्या-उपसणाऱ्या इंजिनखात्याचेही काम आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तयार जहाजाचा जीएम मोजतात कसा?

उत्तर (जहाज आरेखक): शांत पाण्यात दोर सैल सोडून, डेकवर ठरावीक वजन आडवे सरकवून आणि आत टांगलेला लंबक किती हलतो ते पाहून. समजा, ६००० टनांच्या जहाजावर १० टन वजन १२ मीटर सरकवले आणि ४ मीटर लांबीचा लंबक ८ सेंटीमीटर सरकला, तर जीएम १ मीटर येतो. स्वीडनच्या ‘वासा’ युद्धनौकेवर माणसांना एका बाजूकडून दुसरीकडे धावायला लावून पाहिले होते आणि नौका इतकी डोलली की चाचणी थांबवावी लागली. तरीही ती निघाली, आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरून स्टॉकहोम बंदरातच बुडाली.