मदत हवी आहे: ग्रामीण ब्रॉडबँडच्या अनुदानात आमची वाडी बसते की नाही?

चाकरमानी_८५
लवकर सांगा कोणीतरी, चार दिवस डोकं फिरलंय. गावी नेट आणायचंय. ग्रामीण ब्रॉडबँडला सरकार हजारो कोटी देतंय असं सगळीकडे वाचतो पण पात्रता काय आणि अर्ज कुठे करायचा हे एका ठिकाणी धड लिहिलेलं नाही. केबलवाला म्हणतो वायर ओढायचा खर्च तुम्ही करा मग कनेक्शन देतो. कोणाकडे फॉर्म असेल तर टाका, बाकी काही नको.

जुना_लाइनमन
कुठलं गाव? स्वतंत्र ग्रामपंचायत की गट ग्रामपंचायत? पंचायत ऑफिसपासून घर किती लांब? अर्ज तुमच्या नावाने की पंचायतीच्या?

चाकरमानी_८५
राजापूर तालुका. बाकीच्याने काय फरक पडतो? फॉर्म आहे का?

गच्चीवरची_डिश
भाऊ फायबरचा नाद सोडा, स्टारलिंक घ्या, डिश लावून थेट उपग्रहावरून नेट. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर इरादापत्रावर सह्या पण केल्यात.

बारीकसारीक
ते गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमपासून सुरू करणार म्हणालेत. राजापूर कुठे आलं त्यात? आणि त्याने अनुदान विचारलंय, डिश नाही.

जुना_लाइनमन
फरक पडतो म्हणून तर विचारतोय. असा फॉर्मच नसतो हो. हा पैसा घराला मिळत नाही, टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के कापून यूएसओ फंड, म्हणजे खेड्यापाड्यात फोन-नेट पोचवायचा सरकारी निधी जमतो, त्यातून टेंडर निघतं आणि वायर टाकणाऱ्याला पैसे मिळतात. पात्रता माणसाची नाही, जागेची. भारतनेट, म्हणजे पंचायतींपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना, सुरू झाली २०११ ला, तेव्हा नाव वेगळं होतं, तेव्हापासून हिशोब ग्रामपंचायतीचा. पंचायत ऑफिसात फायबर पोचली की ती पंचायत 'जोडलेली'. तुमची वाडी पऱ्ह्याच्या, ओढ्याच्या पलीकडे असो नाहीतर डोंगरावर, कागदावर झालं काम.

बारीकसारीक
यूएसओ फंड नाही आता, डिजिटल भारत निधी. २०२३ च्या कायद्याने नाव बदललं, २०२४ ला नियम आले.

जुना_लाइनमन
बरं, निधी. खांब तेच आहेत.

वायफायवाला
पीएम-वाणी करा, सार्वजनिक वायफायची सरकारी योजना! पीडीओला, म्हणजे वायफाय विकणाऱ्याला लायसन्स नाही, नोंदणी नाही, फी नाही, वाण्याच्या दुकानात पण चालतं. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, २०२५ ला दर पण बांधून दिलेत, २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही तुमच्याकडून.

बारीकसारीक
पण ती लाइन आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

वायफायवाला
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच काढायची असते.

चाकरमानी_८५
भांडू नका हो. सांगतो सगळं. गट ग्रामपंचायत आहे, तीन गावांची. आमची वाडी ऑफिसपासून अडीच किलोमीटर, मध्ये पऱ्ह्या. ६२ घरं, त्यातली २० तरी गणपतीशिवाय उघडत नाहीत. घर बाबांच्या नावावर आहे, मी ठाण्याला असतो, ऑफिसने घरून काम द्यायचं मान्य केलंय पण नेट दाखवा म्हणतात. या महिनाअखेरपर्यंत. मोबाइलला रेंज येते ती फक्त विहिरीजवळ.

जुना_लाइनमन
हे आधी सांगायचं ना! महिनाअखेर विसरा. पण रस्ता आहे. ऑगस्ट २०२३ ला भारतनेटचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा, त्यात पंचायतींशिवाय उरलेली जवळजवळ ३.८ लाख गावं 'मागणीनुसार' जोडायची असं आहे. म्हणजे मागणी केली तर. आणि तिथे गाव म्हणजे महसुली गाव, वाडी नाही. तुमची वाडी ज्या महसुली गावात येते त्याच्या नावाने ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्यात घरांची संख्या घाला. दुसरं म्हणजे गावातला एखादा पोरगा बीएसएनएलचा भारतनेट उद्यमी होऊ शकतो का बघा, पंचायतीपासून घरापर्यंतची लाइन तो ओढतो, बिलातला अर्धा वाटा त्याला. पण ४० घरांत त्याचं गणित बसतंय का ते तोच सांगेल. वायर महावितरणच्या खांबावरून न्यायची तर त्यांची परवानगी वेगळी.

ओहायोची_वैनी
आमच्याकडे इथे अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने ४२.४५ अब्ज डॉलर काढलेत. पैसे कंपनीलाच मिळतात पण पात्रता एकेका पत्त्याची. डाउनलोड/अपलोड २५/३ एमबीपीएसच्या खाली स्पीड असेल तर 'अनसर्व्हड', १००/२० च्या खाली असेल तर 'अंडरसर्व्हड', आणि नकाशावर तुमचं घर चुकीचं रंगवलं असेल तर हरकत घेता येते. मी सासऱ्यांच्या शेतावरच्या घरासाठी घेतली होती. २०२५ ला नियम पुन्हा बदलले, फायबरलाच झुकतं माप होतं ते काढलं.

चाकरमानी_८५
वैनी, राजापूरसाठी काय?

ओहायोची_वैनी
नाही, सहज सांगितलं.

आंबेवाला
वायर वरून नेलीत तर वानरं ठेवणार नाहीत. आमच्याकडे दोन मोसमांत तीनदा तोडली. कलमांवरून उडी मारतात ती थेट केबलवर, सबंध कळप झोके घेतो.

गच्चीवरची_डिश
डिशवर वानर बसलं तरी चालतं.

बारीकसारीक
बसून बघा म्हणावं.

जुना_लाइनमन
चाकरमानी, ठरावाच्या आधी एक काम करा. पंचायत ऑफिसात भिंतीला भारतनेटची लोखंडी पेटी असेल, ती चालू आहे का बघा. तिथेच बंद असेल तर वाडीला काय येणार.

चाकरमानी_८५
बाबांना आत्ता पाठवलं होतं. पेटी आहे, चावी शिपायाकडे. दारावर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते धूर करून काढलं. स्विच बंद होता, शिपाई म्हणाला लाइटबिल वाढतं म्हणून कोणीतरी केलाय, बॅटरी तर जागेवरच नाही. बाबांनी चालू केलं, एक हिरवा दिवा लागला आणि एक लाल लुकलुकतोय.

जुना_लाइनमन
लाल दिव्याखाली एलओएस लिहिलंय का?

चाकरमानी_८५
हो.

जुना_लाइनमन
मग उजेडच येत नाहीये पेटीपर्यंत. मागे कुठेतरी फायबर तुटलीय. तक्रारीची पावती लेखी घ्या, ग्रामसेवकाच्या सहीने, ठरावाला तीच जोडा. नाहीतर वरच्या कागदावर तुमची पंचायत जोडलेलीच राहणार.

आंबेवाला
वानरं.