दक्षिण अमेरिकेचे प्राणी कोणी संपवले, उत्तरेच्या शिकारी प्राण्यांनी की हवामानाने?

कातळ: उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी पनामाची संयोगभूमी सुमारे 28 लाख वर्षांपूर्वी सांधली, उत्तरेचे शिकारी प्राणी खाली उतरले आणि दक्षिणेचे दुबळे प्राणी संपले, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. मला ती पटत नाही. दक्षिणेचा लांब सुळ्यांचा शिकारी थायलॅकोस्मायलस घ्या. कांगारूंसारख्या पिशवीवाल्यांचा हा लांबचा नातलग. वरच्या सुळ्यांची मुळं डोळ्यांच्याही वर कवटीत शिरलेली, खालच्या जबड्याला सुळे झाकणाऱ्या हाडाच्या म्याना. तो सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. उत्तरेचं लांब सुळ्यांचं मोठं मांजर, स्मिलोडॉन, तिथे पोचलं त्यानंतर कितीतरी उशिरा. जे कधी समोरासमोर आलेच नाहीत, त्यांच्यात स्पर्धा कसली? तेव्हा जग थंड होत होतं, अँडीजच्या पर्जन्यछायेत खंडाच्या दक्षिण टोकाचा पॅटागोनिया कोरडा पडला होता. कारण तिथे शोधा.

पूर्वरंग: एका प्राण्यावरून निकाल लावू नका. आज दक्षिण अमेरिकेतल्या सस्तनांच्या जवळपास निम्म्या प्रजाती उत्तरेकडून आलेल्यांच्या वंशातल्या आहेत: लामा, हरणं, टपीर, जॅग्वार. उलट गेलेल्यांपैकी आज उत्तर अमेरिकेत खरे पसरलेले दिसतात ते ओपॉसम, आर्माडिलो आणि साळिंदर. हवामान दोन्हीकडे बदललं, मग फटका एकाच बाजूला का?

सह्यकडा: कारण वाट दोघांना सारखी नव्हती. हिमकाळात पनामाचा पट्टा कोरडा होऊन गवताळ प्रदेश पसरायचे. उत्तरेच्या चरणाऱ्यांना ते सोयीचं. दक्षिणेची माकडं आणि झाडावरचे स्लॉथ मात्र मध्य अमेरिकेच्या जंगलापर्यंत येऊन थांबले, पुढे मेक्सिकोचं वाळवंट. आणि ‘दुबळे’ हा शब्द काढाच. टॉक्सोडॉन, मॅक्रॉकेनिया हे दक्षिणेचे मोठे खुरवाले उत्तरेच्या शिकाऱ्यांसोबत लाखो वर्षं जगले, थेट शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीपर्यंत.

कातळ: अगदी. आणि हवामान म्हणजे फक्त पाऊस आणि थंडी नव्हे. पॅटागोनियातल्या ग्रान बारांकामध्ये 3.8 कोटी वर्षांपूर्वीच्या खुरवाल्यांचे दात उंच झालेले दिसतात. आधी सगळे म्हणायचे, गवत खाऊन. 2013 मध्ये तिथल्या गाळातले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका कण तपासले, तर ताडांचं रान निघालं, माळ नव्हेच. उरली ज्वालामुखीची राख, पानापानावर बसलेली, दात झिजवणारी.

पूर्वरंग: राख मान्य, दातांपुरती. पण दात उंच झाले ते कोट्यवधी वर्षं आधी, आपण भांडतोय शेवटावर. 2020 च्या एका विश्लेषणात हेच दिसलं की दक्षिणेचे प्राणी उत्तरेच्यांपेक्षा जास्त प्रमाणात नामशेष झाले, म्हणून आजचा असमतोल. स्मिलोडॉन उशिरा आला असेल, पण त्याआधी आलेल्या कोल्ह्यांसारख्या छोट्या शिकाऱ्यांचं काय? त्यांचा परिणाम तुम्ही दोघांनीही मोजलेला नाही.