ब्रिजखाली अडकलेलं कसं काढता?

कराडची_माई: खालची डावी दाढ गेली. शेजारचे दोन दात घासून बारीक करून त्यांवर तीन जोडलेल्या कॅपांचा ब्रिज बसवलाय, मधली कॅप म्हणजे खोटा दात. दिसायला झकास, भाकरी-शेंगदाणे बिनघोर चावते. पण मेथीचे दोरे मधल्या खोट्या दाताखाली जाऊन बसतात, सकाळी तोंडाला वास! दवाखान्यात "नीट ब्रश करा" एवढंच सांगितलं. कॅपा एकमेकींना जोडलेल्या, मग फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) जाणार कुठून? सासूबाई टाचणी पुढे करतात.

दातवाला: टाचणी नको, हिरडी फाटेल. फ्लॉस वरून नाही, गालाच्या बाजूने आडवा ओवायचा. सुपरफ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं, सुईसारखं. ते खोट्या दाताखालून जिभेकडे काढा आणि दोऱ्याचा मधला फुगीर भाग हलकेच मागेपुढे फिरवा. रात्री झोपण्यापूर्वी, रोज. कॅपेला कीड लागत नाही, पण तिच्या कडेशी आतल्या खऱ्या दाताला लागते. तो गेला की अख्खा ब्रिज गेला.

नानिवडेकर: माझी बोटं थरथरतात, ओवणं जमत नाही. मी बारीक इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा छोटा ब्रश, वापरतो. योग्य माप डॉक्टरांकडूनच घ्या, जाड घुसवू नका. आणि मिश्री असेल तर आधी ती सोडा.

कराडची_माई: मिश्री सासूबाईंची हो, माझी नाही! पण फ्लॉस ओवताना थोडं रक्त येतंय, थांबवू का?

दातवाला: थांबवू नका. सुजलेल्या हिरडीतून सुरुवातीला येतं. आठवड्या-दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा ब्रिज हलला, तर दाखवा.