कॉन्डोचा विमा : तुम्ही किती आणि कसा घेतलात?

अमेरिकेत कॉन्डो (इमारतीतलं मालकीचं घर) घेतलेल्यांसाठी हा धागा. एजंट एचओ-६, म्हणजे कॉन्डोमालकाच्या स्वतःच्या विमा पॉलिसीचा कोट पाठवतो आणि आपण बहुतेक वेळा प्रीमियम बघून सही करतो. तुम्ही आतले आकडे कसे ठरवलेत? क्लेम केला असेल तर जरूर लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

*

लिहितोच. आमच्या वरच्या घरात वॉशिंग मशीनचा पाइप फुटला. हॉलचं सीलिंग फुगून खाली आलं, लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्या कडेने उचलल्या गेल्या. शेजारी म्हणाले, असोसिएशनचा (सगळ्या मालकांच्या सोसायटीचा) विमा आहे की! आहे ना. पण ती मास्टर पॉलिसी (असोसिएशनची अख्ख्या इमारतीसाठीची) 'सिंगल एंटिटी' प्रकारची, म्हणजे बिल्डरने जे मूळ दिलं तेवढंच तिच्यात. आधीच्या मालकाने कार्पेट काढून बसवलेलं लाकूड आमच्या माथी. 'बेअर वॉल्स' असती तर किचनची कपाटंसुद्धा आमचीच. 'ऑल-इन' असती तर हे लाकूडही त्यांच्यात धरलं असतं. म्हणून आधी मास्टर पॉलिसी आणि बायलॉज (असोसिएशनचे नियम) वाचा, मग एचओ-६ मधलं ड्वेलिंग कव्हरेज (घराच्या आतल्या बांधकामाचा विमा) ठरवा.

दुसरी गोम डिडक्टिबलची, म्हणजे विमा कंपनी पैसे देण्याआधी आपण भरायच्या रकमेची. मास्टर पॉलिसीचं २५,००० डॉलर होतं आणि बायलॉजप्रमाणे ते नुकसान झालेल्या युनिटांच्या गळ्यात पडलं. 'लॉस असेसमेंट' (असोसिएशनने मालकांवर टाकलेल्या नुकसानीच्या खर्चाचं) कव्हरेज अशाच वेळेसाठी असतं, पण साध्या पॉलिसीत ते बऱ्याचदा १,००० डॉलरच असतं. वाढवून घेतलं तरी असोसिएशनच्या डिडक्टिबलपुरती मर्यादा कधीकधी तेवढीच राहते. ते कलम एजंटला शोधून दाखवायला लावा. आमच्या एजंटला पहिल्यांदा सापडलं नव्हतं!

*

दागिने! चोरीसाठी बऱ्याच पॉलिसींत सगळे मिळून १,५०० डॉलरची मर्यादा असते. त्यात पाटल्या सोडा, एक धड अंगठी बसत नाही. आम्ही अप्रेझल (किमतीचा अंदाज) करून ते वेगळे शेड्यूल केले, म्हणजे पॉलिसीत एकेक नोंदवून घेतले. सोनं वाढलं की अप्रेझल पुन्हा करावं लागतं, एवढीच कटकट.

*

सामानासाठी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'च (नवीन वस्तूची किंमत देणारं) घ्या. 'अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू'त घसारा वजा होतो, जुन्या सोफ्याचे चहापाण्यापुरते पैसे येतात. मी मोबाइलवर कपाटं, ड्रॉवर उघडून व्हिडिओ केला. माळ्यावरच्या बॅगाही. नवरा हसला, पण आकडा एजंटच्या अंदाजाच्या दीडपट निघाला.

*

कॅलिफोर्नियावाले, भूकंप एचओ-६ मध्ये नसतो. पूरही नाही. दोन्ही वेगळे. ड्रेन तुंबून पाणी उलटं आलं तर 'वॉटर बॅकअप' जोडलेलं असावं लागतं. तळमजल्यावर असाल तर ते मी तरी सोडणार नाही.

*

प्रश्न : मास्टर पॉलिसी मागितली तर असोसिएशन देते का? आमचा मॅनेजर टोलवतोय.

*

लेखी मागा, ईमेलने. नुसतं सर्टिफिकेट (विमा असल्याचा दाखला) पाठवलं तर डिडक्टिबल दिसणारं डिक्लेरेशन पेजही (पॉलिसीतल्या आकड्यांचा गोषवारा) हवं म्हणून सांगा. अजून खरेदी व्हायची असेल तर लेंडरलाही (कर्ज देणाऱ्यालाही) तेच लागतं, त्याच्यामार्फत लवकर हलतं.