मदत हवी आहे: ‘लिगेत’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी मला फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरच्या इलोंगोत लोकांविषयी बोलायचंय. एका शब्दापाशी गाडी अडलीय.

हे लोक पूर्वी माणसाचं मुंडकं छाटत. का, असं विचारल्यावर म्हातारे एवढंच सांगत की दुःखातून संताप येतो, तो कुठेतरी फेकून द्यावा लागतो. मानवशास्त्रज्ञ रेनातो रोझाल्डोंना हे उत्तर अनेक वर्षं फारच तोकडं वाटत होतं. 1981 साली तिथेच, लुझोनमध्ये, त्यांची पत्नी मिशेल कड्यावरून पडून गेली. तिच्या देहापाशी पोचल्यावर त्यांना आधी संतापच आला, आणि मग ते उत्तर कळलं.

या भावनेला इलोंगोत लोक ‘लिगेत’ म्हणतात. राग तर आहेच, पण शेतात राबायला लागणारा जोरही त्यात येतो. मी त्वेष, ईर्षा, आवेग, सगळे लावून पाहिले. त्वेष जवळचा वाटतो, पण त्याला लढाईचाच वास फार.

आपल्याकडेही दुःखात राग असतोच की! माझी आजी आजोबांच्या प्रेताशी अक्षरशः भांडली होती, ‘मला न विचारता निघालात?’ म्हणून. शहरात मात्र न रडणाऱ्याला ‘धीराचा’ म्हणतात. (मला ते कौतुक कधीच पटलं नाही.)

तर कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत असा दुहेरी शब्द आहे का? मेलेल्याला रागावत रडायच्या तुमच्याकडच्या ओळीही चालतील. शनिवारपर्यंत कळवा.